विश्लेषण : तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराची मते राष्ट्रपती कसा ठरवतात? सी. डी. देशमुख आणि १९६९ची निवडणूक

अमेरिकेत दर चार वर्षांनी अध्यक्षपदाची निवडणूक होते आणि मोबाइलच्या पडद्यावर २७० हा आकडा फिरू लागतो. ज्याला देशभरात जास्त मते मिळाली तोच अध्यक्ष होईल असे नाही, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. तिथला मतदार थेट अध्यक्षाला नाही, तर अध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधींना निवडतो. भारताचा राष्ट्रपतीही थेट जनतेच्या मतांवर निवडला जात नाही. मात्र दोन्ही देशांत मते मोजण्याची रीत वेगळी आहे. हा फरक भारतात प्रत्यक्ष निकालात एकदाच दिसला, तो १९६९ मध्ये. त्या वेळी पहिल्या मोजणीत कोणालाच बहुमत मिळाले नाही आणि निकाल तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराच्या मतपत्रिकांवर येऊन थांबला. तो उमेदवार महाराष्ट्रातला होता : चिंतामण द्वारकानाथ देशमुख, अर्थात सी. डी. देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री राहिलेल्या या माणसाचे आयुष्य आणि ती मोजणी, दोन्ही समजून घेण्यासारखी आहेत.

सी. डी. देशमुख कोण होते?

देशमुखांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी रायगड जिल्ह्यातील (तेव्हाचा कुलाबा) महाडजवळच्या नाते गावी झाला. वडील रोह्याला वकिली करत. १९१२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि त्यांना संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. पुढे केंब्रिजच्या जीझस कॉलेजात त्यांनी निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला. वनस्पतिशास्त्र हा त्यांचा आवडता विषय होता आणि त्यात त्यांनी बक्षीसही मिळवले. १९१८ मध्ये आयसीएसच्या परीक्षेत ते पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले.

कोकणातला हा तरुण नोकरीसाठी मुंबई इलाख्यात न जाता मध्य प्रांत व वऱ्हाडात आला. नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती. आजचा वाशिम जिल्हा तेव्हा या प्रांतातील अकोला जिल्ह्याचा भाग होता. इंग्रजी कागदपत्रांत बासिम म्हणून ओळखला जाणारा जुना वाशिम जिल्हा १९०५ मध्ये अकोला आणि यवतमाळ जिल्ह्यांत विभागला गेला होता. देशमुखांनी जवळपास वीस वर्षे या प्रांताच्या प्रशासनात काढली. महसूल, जमाबंदी आणि शेवटी अर्थखाते असा त्यांचा प्रवास झाला. प्रांताला केंद्राकडून किती पैसा मिळावा, शेतसारा कसा ठरावा, प्रांताची तिजोरी कशी चालते, हे त्यांनी फायली आणि दौऱ्यांमधून शिकून घेतले. १९३१ मध्ये लंडनला झालेल्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयातही त्यांनी काम केले. या परिषदेला महात्मा गांधी उपस्थित होते.

१९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत गेले. १९४१ मध्ये डेप्युटी गव्हर्नर आणि ऑगस्ट १९४३ मध्ये गव्हर्नर झाले. या पदावर बसणारे ते पहिले भारतीय. फाळणीत बँकेच्या मालमत्तेची वाटणी आणि १ जानेवारी १९४९ रोजी झालेले रिझर्व्ह बँकेचे राष्ट्रीयीकरण, ही दोन्ही कामे त्यांच्या कारकिर्दीत पार पडली.

ब्रेटन वुड्स आणि अमेरिकेची ५३१ मते

जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात ब्रेटन वुड्स येथे ४४ देशांची परिषद भरली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक या दोन संस्था त्या परिषदेतून जन्माला आल्या. भारताच्या शिष्टमंडळात देशमुख होते. परिषद सुरू होती तेव्हा अमेरिकेत अध्यक्षीय निवडणुकीचा हंगाम होता. नोव्हेंबरमध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट चौथ्यांदा निवडून आले. त्यांना ४३२ आणि प्रतिस्पर्धी थॉमस ड्यूई यांना ९९ इलेक्टोरल मते मिळाली. एकूण मते होती ५३१.

हा आकडा येतो कुठून? अमेरिकेत प्रत्येक राज्याला त्याच्या प्रतिनिधिगृहातील जागा अधिक सिनेटच्या दोन जागा, इतके इलेक्टर मिळतात. प्रतिनिधिगृहातील जागा लोकसंख्येवर ठरतात. सिनेटच्या जागा मात्र प्रत्येक राज्याला दोनच, मग राज्य मोठे असो वा लहान. त्यामुळे लहान राज्यांना लोकसंख्येच्या मानाने थोडे जास्त वजन मिळते. १९४४ नंतर अलास्का आणि हवाई ही राज्ये आली आणि राजधानी वॉशिंग्टनलाही १९६१च्या घटनादुरुस्तीने तीन मते मिळाली. आज ही संख्या ५३८ आहे. त्यातली निम्म्याहून एक जास्त, म्हणजे २७० मते मिळाली की उमेदवार अध्यक्ष होतो. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाकडे ५४ आणि वायोमिंगकडे फक्त ३ मते होती.

इथे महत्त्वाचा नियम असा, की बहुतेक राज्यांत जो उमेदवार पहिला येतो त्याला त्या राज्याची सगळी इलेक्टोरल मते मिळतात. एका मताने जिंकला तरी सगळी, दहा लाखांनी जिंकला तरी सगळी. मेन आणि नेब्रास्का ही दोनच राज्ये मते वाटून देतात. म्हणूनच २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना देशभरात सुमारे २८ लाखांहून अधिक मते जास्त मिळूनही डोनाल्ड ट्रम्प अध्यक्ष झाले.

भारताने वेगळी रीत का निवडली?

भारताची राज्यघटना तयार होत असताना राष्ट्रपती थेट जनतेने निवडावा, असा आग्रह काही सदस्यांनी धरला. प्रा. के. टी. शाह त्यांत पुढे होते. पण घटना समितीने तो मान्य केला नाही. आपला राष्ट्रपती अमेरिकेच्या अध्यक्षासारखा सरकार चालवणारा नाही. सरकार पंतप्रधान आणि मंत्रिमंडळ चालवते. नाममात्र अधिकार असलेल्या पदासाठी देशभर निवडणूक घेण्याचा खर्च करावा आणि थेट जनादेशामुळे पंतप्रधानांना समांतर असे दुसरे सत्ताकेंद्र उभे राहावे, हे समितीला नको होते.

मग फक्त खासदारांनी राष्ट्रपती निवडायचा का? तसे केले तर केंद्रात बहुमत असलेला पक्ष एकट्याने राष्ट्रपती ठरवेल. म्हणून राज्यांच्या विधानसभांतील निवडून आलेल्या आमदारांनाही मत देण्यात आले. सर्व आमदारांच्या मतांची एकूण किंमत आणि सर्व खासदारांच्या मतांची एकूण किंमत जवळपास सारखी राहील, असे सूत्र घटनेत आहे.

आमदाराच्या मताची किंमत काढणे सोपे आहे. राज्याची लोकसंख्या विधानसभेच्या निवडून येणाऱ्या सदस्यसंख्येने भागायची आणि आलेल्या उत्तराला १,००० ने भागायचे. देशातील सर्व आमदारांच्या मतांची बेरीज करून ती निवडून आलेल्या एकूण खासदारांनी भागली, की एका खासदाराच्या मताची किंमत मिळते.

राष्ट्रपतिपदाची पहिली निवडणूक मे १९५२ मध्ये झाली. देशमुख तेव्हा कुलाब्यातून काँग्रेसचे खासदार आणि पंडित नेहरूंच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री होते, म्हणजे ते या निवडणुकीत मतदार होते. खासदाराच्या मताची किंमत तेव्हा ४९४ होती. डॉ. राजेंद्र प्रसाद मोठ्या फरकाने निवडून आले. त्यांच्या विरोधात उभे होते तेच के. टी. शाह, ज्यांना राष्ट्रपती थेट जनतेने निवडावा असे वाटत होते. वाशिम परिसराच्या आमदारांनी त्या वेळी मध्य प्रदेश विधानसभेचे सदस्य म्हणून मत दिले, कारण वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होता.

अर्थमंत्री आणि राजीनामा

देशमुख १९५० मध्ये नियोजन आयोगाचे सदस्य आणि त्याच वर्षी अर्थमंत्री झाले. पहिली पंचवार्षिक योजना त्यांच्या काळात राबवली गेली. १ जुलै १९५५ रोजी इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली. जानेवारी १९५६ मध्ये आयुर्विमा व्यवसाय सरकारने ताब्यात घेतला आणि त्यातून एलआयसी उभी राहिली. १९५३ मध्ये त्यांनी दुर्गाबाईंशी विवाह केला. दुर्गाबाई घटना समितीच्या सदस्य होत्या आणि समाजकार्यात त्यांचे स्वतंत्र नाव होते.

याच काळात राज्य पुनर्रचनेचा वाद पेटला. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय १९५६च्या सुरुवातीला जाहीर झाला. मुंबईत आंदोलन झाले, पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. देशमुखांचे दोन आक्षेप होते. इतका मोठा निर्णय मंत्रिमंडळाला पुरेसे विश्वासात न घेता झाला, हा पहिला. गोळीबाराची चौकशी झाली पाहिजे, हा दुसरा. जुलै १९५६ मध्ये त्यांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि लोकसभेत आपली बाजू स्पष्टपणे मांडली. महाराष्ट्रात त्यांचे नाव आजही सर्वात जास्त घेतले जाते ते याच राजीनाम्यासाठी. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला वाशिमसह विदर्भ मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात.

राजीनाम्यानंतर देशमुख सत्तेच्या राजकारणातून बाजूला झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष आणि १९६२ ते १९६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून त्यांनी काम केले. दिल्लीतील इंडिया इंटरनॅशनल सेंटर उभे करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९५९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. संस्कृतात कविता करणे आणि बागकाम हे त्यांचे छंद होते.

१९६९ : पुन्हा निवडणुकीत

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन यांचे निधन झाले. पदावर असताना मृत्यू आलेले ते पहिले राष्ट्रपती. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले आणि नव्या निवडणुकीची तयारी सुरू झाली.

काँग्रेसमध्ये तेव्हा दोन गट पडत चालले होते. एका बाजूला पंतप्रधान इंदिरा गांधी, दुसऱ्या बाजूला पक्षाचे जुने नेते, ज्यांना सिंडिकेट म्हटले जाई. जुलैमध्ये बंगळुरूत पक्षाच्या संसदीय मंडळाने इंदिरा गांधींच्या इच्छेविरुद्ध नीलम संजीव रेड्डी यांना उमेदवारी दिली. त्यानंतर काही दिवसांतच इंदिरा गांधींनी मोरारजी देसाईंकडून अर्थखाते काढून घेतले आणि १९ जुलैला १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण केले. २० जुलैला गिरींनी राजीनामा देऊन अपक्ष म्हणून उभे राहण्याचा मार्ग मोकळा केला. राष्ट्रपतिपदाचा कारभार सरन्यायाधीश एम. हिदायतुल्ला यांच्याकडे गेला.

स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी या दोघांऐवजी तिसरा उमेदवार दिला : सी. डी. देशमुख. वय ७३. खासगी उद्योगाच्या बाजूने उभा असलेला स्वतंत्र पक्ष, आणि त्याचा उमेदवार आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण करणारा माजी अर्थमंत्री, असा हा मेळ होता. ते जिंकतील अशी शक्यता कमीच होती. पण प्रशासन, अर्थकारण आणि शिक्षण यांतला त्यांचा अनुभव आणि तत्त्वासाठी मंत्रिपद सोडल्याची नोंद, यामुळे त्यांच्या उमेदवारीला वजन होते. ते तेव्हा खासदार किंवा आमदार नव्हते, त्यामुळे त्यांना स्वतःलाही मत देता येणार नव्हते.

एकूण १५ उमेदवार रिंगणात होते. तेव्हा अर्ज भरणे सोपे होते. पुढे १९७४ मध्ये किमान १० सूचक आणि १० अनुमोदक मतदारांची अट आली आणि १९९७ मध्ये ती प्रत्येकी ५० झाली.

दुसरी पसंती म्हणजे काय?

वाशिम जिल्ह्यातील शिक्षक आणि पदवीधरांना ही पद्धत माहीत आहे. विधान परिषदेच्या अमरावती विभाग शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांत मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसतो. उमेदवारांसमोर १, २, ३ असे आकडे लिहायचे असतात. राष्ट्रपतिपदासाठीही मतदार असेच पसंतीक्रम देतात.

आधी सगळ्या वैध मतांच्या किमतीची बेरीज होते. तिच्या निम्म्यात एक मिळवला की कोटा ठरतो. पहिल्या पसंतीच्या मतांवर कोणी कोटा गाठला तर तो जिंकला. नाही गाठला, तर सर्वात कमी मते असलेला उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिकांवर दुसऱ्या पसंतीचे नाव ज्याचे असेल त्याच्याकडे त्या जातात. मग पुन्हा मोजणी, पुन्हा शेवटचा बाद. ज्या मतपत्रिकेवर पुढची पसंतीच लिहिलेली नसेल ती मोजणीतून बाहेर जाते.

म्हणजे हरलेल्या उमेदवाराला दिलेले मत वाया जात नाही, ते दुसऱ्याच्या पदरात पडते. १९६९ मध्ये राजकारण्यांनी हे मतदानाआधीच ओळखले. काँग्रेसचे अध्यक्ष एस. निजलिंगप्पा यांनी जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांशी बोलून देशमुखांच्या मतदारांनी दुसरी पसंती रेड्डींना द्यावी, यासाठी प्रयत्न केला. ही बातमी इंदिरा गांधींच्या गटाच्या हाती पडली. पक्षाच्या उमेदवारासाठी विरोधी पक्षांकडे मदत मागितली जात आहे, असा आरोप करून त्यांनी काँग्रेसच्या खासदार-आमदारांना सदसद्विवेकबुद्धीने मतदान करू द्यावे, अशी भूमिका घेतली. राष्ट्रपती निवडणुकीत पक्षाला व्हिप काढता येत नाही आणि मतदान गुप्त असते, त्यामुळे ही मोकळीक प्रत्यक्षात वापरता येणार होती. अशा रीतीने देशमुखांच्या मतपत्रिकेवरील दुसरा रकाना, मोजणी सुरू होण्याच्या आधीच, काँग्रेसच्या भांडणाचे कारण झाला होता.

मोजणीत काय झाले?

मतदान १६ ऑगस्टला झाले आणि निकाल २० ऑगस्टला लागला. खासदाराच्या मताची किंमत ५७६ होती आणि महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताची १४६. वैध मतांचे एकूण मूल्य ८,३६,३३७, म्हणजे कोटा ४,१८,१६९.

पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मते मिळाली. उरलेल्या १२ उमेदवारांत मिळून साडेआठ हजारांच्या आसपास मते होती. गिरी पहिले होते, पण कोट्यापासून १६,६५४ मते दूर. रेड्डी त्यांच्या मागे ८७,९६७ मतांनी.

मग दुसऱ्या पसंतीची मोजणी सुरू झाली. देशमुख बाद झाले आणि त्यांच्या मतपत्रिका वाटल्या गेल्या. बहुतेक मते अपेक्षेप्रमाणे रेड्डींकडे गेली. बाद झालेल्या सर्व उमेदवारांची मते मिळून रेड्डींच्या खात्यात ९१,८७९ ची भर पडली आणि गिरींच्या खात्यात फक्त १८,५६२ ची. तरीही गिरींना तेवढेच पुरेसे होते. शेवटचा आकडा : गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. सुमारे ८८ हजारांचा फरक १४,६५० वर आला होता आणि गिरी कोट्याच्या वर फक्त १,९०८ मतांनी होते.

या आकड्यांचा अर्थ माणसांत मोजला तर जास्त कळतो. कोट्यावरचे १,९०८ म्हणजे चार खासदारांच्या मतांपेक्षाही कमी. आणि १३ खासदारांनी गिरींऐवजी रेड्डींना पसंती दिली असती, तर राष्ट्रपती बदलला असता. दुसरीकडे, दहा हजारांहून जास्त किमतीची मते पुढची पसंतीच न लिहिल्यामुळे मोजणीतून बाहेर गेली. ज्यांनी फक्त १ लिहून मतपत्रिका पेटीत टाकली, त्यांना शेवटच्या निवडीत आवाजच राहिला नाही.

२४ ऑगस्टला गिरींनी शपथ घेतली. निवडणुकीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका झाल्या आणि राष्ट्रपतिपदावर असतानाही गिरींनी न्यायालयात जाऊन साक्ष दिली. १९७० मध्ये न्यायालयाने याचिका फेटाळल्या. त्याआधी, नोव्हेंबर १९६९ मध्ये काँग्रेस फुटली होती.

अमेरिकेत असते तर?

समजा हीच निवडणूक अमेरिकेच्या पद्धतीने झाली असती. तिसरा उमेदवार ज्या राज्यांत पहिला आला नाही, तिथे त्याच्या मतांना इलेक्टोरल मोजणीत काहीच जागा मिळाली नसती. १९९२ मध्ये रॉस पेरो यांना देशभरात सुमारे १९ टक्के मते मिळाली, पण एकही इलेक्टोरल मत मिळाले नाही. २००० मध्ये फ्लोरिडात जॉर्ज बुश ५३७ मतांनी पुढे राहिले आणि तेवढ्यावर देश जिंकले. त्याच राज्यात राल्फ नेडर यांना ९७ हजारांहून अधिक मते होती. त्या मतदारांची दुसरी पसंती बुश होते की अल गोर, हे मतपत्रिकेने विचारलेच नाही. २०२४ मध्ये मेन आणि अलास्का या दोन राज्यांत अध्यक्षपदासाठी पसंतीक्रमाची मतपत्रिका होती. इतर राज्यांत नाही.

कोणालाच बहुमत न मिळाल्यास अमेरिकेत मतपत्रिका पुन्हा मोजत नाहीत. निर्णय प्रतिनिधिगृहाकडे जातो आणि तिथे प्रत्येक राज्याला एकच मत असते. १८२४ मध्ये अँड्र्यू जॅक्सन यांना सर्वाधिक, ९९ इलेक्टोरल मते होती, पण बहुमत नव्हते. चौथ्या क्रमांकावरचे हेन्री क्ले शर्यतीतून बाहेर पडले आणि त्यांनी जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांना पाठिंबा दिला. अ‍ॅडम्स अध्यक्ष झाले आणि क्ले परराष्ट्रमंत्री. त्या व्यवहारावर जॅक्सन समर्थकांनी अनेक वर्षे टीका केली.

तिथे मागे राहिलेला नेता आपला पाठिंबा कुठे द्यायचा हे स्वतः ठरवू शकला. इथे देशमुखांना तसे करता येत नव्हते. त्यांना मत देणाऱ्या प्रत्येक खासदाराने आणि आमदाराने पुढचे नाव मतदानाच्या दिवशीच स्वतःच्या हाताने लिहून ठेवले होते. त्यातल्या काहींनी पक्षांच्या इशाऱ्याप्रमाणे लिहिले नाही, आणि तेवढ्यावर गिरी पुढे गेले.

आणखी एक फरक. अमेरिकेत इलेक्टरने आपल्या राज्यात जिंकलेल्या उमेदवारालाच मत द्यावे, अशी सक्ती राज्य करू शकते, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. भारतात आमदाराने राष्ट्रपतिपदासाठी कोणाला मत द्यावे हे कायदा सांगत नाही. २००७ मध्ये भाजपच्या आघाडीत असूनही शिवसेनेने प्रतिभा पाटील यांना पाठिंबा दिला, तो याच मोकळिकीत.

वाशिमचे मत दिल्लीपर्यंत कसे पोहोचते?

१ जुलै १९९८ रोजी वाशिम पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्ह्यात रिसोड, वाशिम आणि कारंजा असे तीन विधानसभा मतदारसंघ आहेत. महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताची किंमत आज १७५ आहे, म्हणजे जिल्ह्याच्या तीन आमदारांची मिळून ५२५. ही किंमत १९७१च्या जनगणनेवर ठरते, कारण राज्यांची लोकसंख्या या हिशेबासाठी २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेली आहे. उत्तर प्रदेशच्या आमदाराचे मत २०८ मोलाचे आहे आणि सिक्कीमच्या आमदाराचे ७. २०२२ मध्ये खासदाराच्या मताची किंमत ७०० होती. वाशिम आणि कारंजा यवतमाळ-वाशिम लोकसभा मतदारसंघात, तर रिसोड अकोला मतदारसंघात मोडतो.

पसंतीक्रम ज्यांना सर्वात जवळून माहीत आहे ते, म्हणजे शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघातून निवडून आलेले आमदार, राष्ट्रपती निवडणुकीत मतदार नसतात. विधान परिषदेच्या कोणत्याच सदस्याला आणि नामनियुक्त खासदारांना हे मत नाही. विधानसभेला बटण दाबताना रिसोडचा किंवा मानोऱ्याचा मतदार रस्ता, पाणी, सोयाबीनचा भाव यांचा विचार करतो. पण त्याच बटणाने तो पाच वर्षांत कधीतरी राष्ट्रपती निवडणाऱ्या एका माणसालाही निवडत असतो.

देशमुखांचे पुढे काय झाले?

निवडणुकीनंतर देशमुख पुन्हा कोणत्याही पदासाठी उभे राहिले नाहीत. १९७४ मध्ये त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. १९७५ मध्ये त्यांना आणि दुर्गाबाईंना एकाच वर्षी पद्मविभूषण मिळाले. ज्यांच्याकडे त्यांच्या मतदारांची बहुतेक दुसरी पसंती गेली होती ते संजीव रेड्डी १९७७ मध्ये बिनविरोध राष्ट्रपती झाले. मे १९८१ मध्ये दुर्गाबाई गेल्या आणि २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादमध्ये देशमुखांचे निधन झाले.

राष्ट्रपतिपदाच्या त्यानंतरच्या प्रत्येक निवडणुकीत, २०२२ पर्यंत, विजेत्याने पहिल्या पसंतीतच कोटा ओलांडला किंवा तो बिनविरोध निवडून आला. दुसऱ्या पसंतीचा रकाना मतपत्रिकेवर तेव्हाही होता, आजही आहे. तो उघडण्याची वेळ आली ती फक्त १९६९ मध्ये.